‘दहा वर्षं देश लष्कराच्या हाती द्या’ म्हणणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

‘एकदा दहा वर्षं देश लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील.’ रस्त्यात खड्डा लागला, एखाद्या नेत्याची मालमत्ता छापून आली किंवा सरकारी कचेरीत दिवस वाया गेला की तुमच्यापैकी कुणीतरी हे म्हणतंच. लग्नाच्या पंगतीत म्हणतात, सकाळी फिरायला जमलेल्या कट्ट्यावर म्हणतात, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर आठवड्याला एकदा म्हणतात. त्यामागचा वैताग मला कळतो आणि फौजेबद्दलची मायाही कळते. मी सातारा जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथं घराघरातला माणूस फौजेत गेलेला आहे. त्यामुळे हे पत्र फौजेच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका.

तत्त्वाची चर्चा बाजूला ठेवू. तुम्हाला जे हवं आहे ते आपल्या शेजारी, पाकिस्तानात, प्रत्यक्षात घडलेलं आहे, तेच सांगतो. झिया उल हक यांचं उदाहरण मी घेत नाही, कारण फटके आणि फाशीची ती राजवट तुम्हालाही नकोच असेल. मी जनरल परवेझ मुशर्रफ यांचं घेतो. तुमच्या मनात ज्या प्रकारचा सेनानी आहे, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूस तोच होता. शिकलेला, धाडसी, धर्मवेड नसलेला, जगाशी बोलू शकणारा. अशा माणसाच्या हातीसुद्धा देश गेला तर काय होतं, ते पाहा.

मुशर्रफ यांचा जन्म 11 ऑगस्ट 1943 चा, जुन्या दिल्लीत दर्यागंजमधल्या नहरवाली हवेलीतला. फाळणीत कुटुंब कराचीला गेलं. वडील परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बालपणाची काही वर्षं तुर्कस्तानात अंकाऱ्याला गेली. तिथं ते तुर्की शिकले आणि धर्म आणि राज्यकारभार वेगळे करणाऱ्या केमाल अतातुर्क यांचे चाहते झाले. 1961 मध्ये काकूलच्या लष्करी अकादमीत दाखल झाले, 1964 मध्ये तोफखान्यात अधिकारी झाले, 1965 च्या युद्धात खेमकरण आघाडीवर लढले, पुढे कमांडो झाले. ऑक्टोबर 1998 मध्ये पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना डावलून त्यांना लष्करप्रमुख केलं. फाळणीत भारतातून आलेल्या घरातला हा माणूस, याच्यामागे पंजाबी किंवा पठाण गट नाही, म्हणजे हा डोईजड होणार नाही, असा हिशेब त्यामागे होता असं मानलं जातं. पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी झियांना निवडलं तेव्हाही हिशेब असाच होता.

मग कारगिल. फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसनं लाहोरला गेले आणि मे महिन्यात द्रास, कारगिल, बटालिकच्या शिखरांवर पाकिस्तानी फौजेच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे जवान बसलेले सापडले. पाकिस्तान म्हणत होता की ते मुजाहिदीन आहेत. मुशर्रफ तेव्हा चीनच्या दौऱ्यावर होते. बीजिंगहून त्यांनी रावळपिंडीला जनरल अझीझ खान यांच्याशी फोनवर केलेलं बोलणं आपल्या यंत्रणांनी टिपलं आणि जूनमध्ये सरकारनं ते जगासमोर ठेवलं. मोहीम कुणाची आहे हे त्यात उघड झालं. आपले 527 जवान त्या युद्धात गेले, त्यांत महाराष्ट्रातलीही पोरं होती. त्यांच्याकडच्या अनेक मृत जवानांना त्यांच्याच फौजेनं आपलं म्हणायचं नाकारलं. त्यांचं दफन आपल्या सैनिकांनी केलं.

आता युद्धानंतरची गोष्ट. आपल्याकडे हेरगिरीत कुठं ढिलाई झाली, घुसखोरी वेळेवर का कळली नाही, हे तपासायला के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. फेब्रुवारी 2000 मध्ये तिचा अहवाल संसदेत आला. त्यातला काही भाग गाळलेला होता, तरी आला. पाकिस्तानात अशी चौकशी झालीच नाही. आपल्याला पुरतं सांगितलंच नव्हतं असं शरीफ म्हणत राहिले, मुशर्रफ म्हणत राहिले की सांगितलं होतं. खरं काय ते ठरवणारी जागाच उरली नाही, कारण युद्ध संपून तीन महिने होतात न होतात तोच ज्याची चौकशी व्हायची तोच देशाचा मालक झाला. ज्यांना लष्करी राजवटीत जवानाचा मान वाढेल असं वाटतं, त्यांनी हा भाग पुन्हा एकदा वाचावा.

12 ऑक्टोबर 1999 ची संध्याकाळ तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. मुशर्रफ श्रीलंकेच्या लष्कराच्या सुवर्णमहोत्सवाहून प्रवासी विमानानं परतत होते. ते आकाशात असतानाच शरीफ यांनी त्यांना काढल्याचं जाहीर केलं, आयएसआयचे प्रमुख झियाउद्दीन बट यांना लष्करप्रमुख केलं आणि विमान कराचीत उतरू द्यायचं नाही असा हुकूम सोडला. विमानात जवळजवळ दोनशे माणसं, त्यांत शाळकरी मुलंही. विमान घिरट्या घालत होतं, तोवर खाली सैनिक इस्लामाबादच्या दूरदर्शन केंद्राच्या फाटकावरून चढून आत उड्या टाकत होते. काही मिनिटांचं इंधन उरलेलं असताना विमान उतरलं, तेव्हा देश मुशर्रफ यांच्या हाती आलेला होता. शरीफ यांचं वागणं बेजबाबदार होतं यात मला शंका नाही. लोकही त्यांना विटलेले होते. लाहोरमध्ये, शरीफ यांच्याच शहरात, लोकांनी मिठाई वाटली. म्हणजे तुम्ही आज जे म्हणता तेच तेव्हा तिथला मध्यमवर्ग म्हणत होता: राजकारण्यांनी लुटलं, आता शिस्तीचा माणूस आला.

शिस्तीच्या माणसानं पहिले तीन महिने गेल्यावर काय केलं? जानेवारी 2000 मध्ये न्यायाधीशांना नव्यानं शपथ घ्यायला सांगितली. राज्यघटनेची नाही, मुशर्रफ यांनी काढलेल्या हंगामी आदेशाची. सरन्यायाधीश सईदुज्जमाँ सिद्दिकी यांनी नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 पैकी 6 न्यायमूर्ती घरी गेले. उरलेल्यांनी शपथ घेतली आणि मे महिन्यात निकाल दिला की गरजेपोटी झालेलं सत्तांतर वैध आहे, जनरलसाहेबांना तीन वर्षं मुदत आणि वर घटनेत बदल करण्याचा अधिकारही. त्या खंडपीठावर इफ्तिखार चौधरी नावाचे एक न्यायमूर्ती होते. त्यांचं नाव पुढं पुन्हा येईल.

तुमचा मुख्य मुद्दा भ्रष्टाचाराचा. तो मुशर्रफ यांचाही होता. सत्तेवर येताच त्यांनी सात कलमी कार्यक्रम जाहीर केला, भ्रष्टाचाऱ्यांना पकडायला राष्ट्रीय उत्तरदायित्व ब्यूरो, म्हणजे ‘नॅब’, स्थापन केला. सुरुवातीला बडी धेंडं आत गेली आणि लोक खूश झाले. पण जनरलला राज्य करायचं तर विधिमंडळ लागतं, विधिमंडळासाठी पक्ष लागतो आणि पक्षात माणसं लागतात. माणसं आणायची कुठून? शरीफ यांचाच पक्ष फोडून मुस्लिम लीगचा ‘काफ’ गट उभा राहिला. जो त्यात आला त्याच्या फायली थंड पडल्या, जो बाहेर राहिला त्याच्या उघड्या राहिल्या. जवळपास आठ वर्षांनी, खुर्ची डळमळू लागल्यावर, बेनझीर भुट्टोंशी समझोता करायची वेळ आली, तेव्हा 5 ऑक्टोबर 2007 ला ‘राष्ट्रीय समेट’ नावाचा अध्यादेश निघाला. 1986 ते 1999 या काळातले खटले त्यानं गुंडाळले. लाभार्थी आठ हजारांहून जास्त. भ्रष्टाचार निपटायला आलेल्या सेनानीनं भ्रष्टाचाराच्या आरोपींना एका सहीत मोकळं केलं. पुढं 2009 मध्ये तो अध्यादेश रद्द केला तो न्यायालयानं.

कुणी म्हणेल, मुशर्रफ कच्चे निघाले, दुसरा कुणी पक्का निघाला असता. मला तसं वाटत नाही. मुशर्रफ घाबरट नव्हते. डिसेंबर 2003 मध्ये अकरा दिवसांत दोनदा रावळपिंडीत त्यांचा ताफा उडवायचा प्रयत्न झाला, तरी ते कामावर राहिले. पण निवडणुकीतून आलेला माणूस पाच वर्षांचा परवाना घेऊन येतो. बंदूक दाखवून आलेल्याला आपला परवाना रोज कुणाकडून तरी विकत घ्यावा लागतो. त्याची किंमत त्यांनी आधी न्यायाधीशांना दिली, मग फुटीर आमदारांना, मग मुल्लांना आणि शेवटी ज्यांना चोर म्हणून हाकललं होतं त्यांना.

मुल्लांचं तर नवलच आहे. जून 2001 मध्ये, आग्ऱ्याच्या बोलण्यांना यायच्या आधी, रफिक तरार यांना बाजूला सारून ते राष्ट्राध्यक्ष झाले. एप्रिल 2002 मध्ये सार्वमत घेतलं. समोर उमेदवार नाही, 97 टक्क्यांहून जास्त ‘होय’. त्यात गैरप्रकार झाल्याचं पुढं त्यांनीच मान्य केलं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत बेनझीर आणि शरीफ दोघेही देशाबाहेर, आणि त्या पोकळीत धार्मिक पक्षांच्या आघाडीला कधी नव्हे एवढ्या जागा मिळाल्या, वायव्य सरहद्द प्रांतात तर सरकारच आलं. अतातुर्कांचा चाहता असलेल्या या माणसाला आपली सत्ता घटनेत बसवायला 2003 अखेर त्याच धार्मिक पक्षांची मतं घ्यावी लागली. बदल्यात त्यांनी दूरचित्रवाणीवर शब्द दिला की 31 डिसेंबर 2004 पर्यंत लष्करप्रमुखपद सोडीन. सोडलं नाही. वर्दी म्हणजे आपली दुसरी कातडी आहे असं ते म्हणायचे.

त्यांच्या काळात चांगलं काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. खासगी वृत्तवाहिन्या त्यांच्याच काळात आल्या. राष्ट्रीय सभेत बायकांसाठी 60 जागा राखल्या गेल्या. बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईलाच तुरुंगात टाकणारा झियांच्या काळातला कायदा 2006 मध्ये सौम्य झाला. 2004-05 च्या सुमाराला विकासदर सात टक्क्यांच्या पुढं गेला. त्यात अमेरिकेकडून 9/11 नंतर आलेल्या अब्जावधी डॉलरचा वाटा मोठा होता, आणि वीजनिर्मितीकडे दुर्लक्ष झाल्यानं 2008 पर्यंत तिथं तासन् तास वीज जाऊ लागली, पिठासाठी रांगा लागल्या, हेही त्याच हिशेबातलं.

भारताशीही त्यांनी पुढं नीट वागायचा प्रयत्न केला. नोव्हेंबर 2003 मध्ये ताबारेषेवर शस्त्रसंधी झाली, एप्रिल 2005 मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस निघाली, पुढच्या वर्षी मुनाबाव-खोखरापार रेल्वे सुरू झाली. काश्मीरवर चार कलमी तोडग्याची गुप्त बोलणी मनमोहन सिंग यांच्या सरकारशी बरीच पुढं गेली होती. या बोलण्यांची मला मनापासून हळहळ वाटते. ती बुडाली, कारण तिकडच्या बाजूला एकच माणूस होता. संसदेला विश्वासात घेतलेलं नाही, पक्षांशी चर्चा नाही, लोकांची तयारी नाही. 2007 मध्ये तो माणूस डळमळला आणि बोलणी तिथंच थांबली.

तो डळमळला कशानं, ते जरा सविस्तर सांगतो. 9 मार्च 2007. सरन्यायाधीश आता इफ्तिखार चौधरी होते. सात वर्षांपूर्वी हंगामी आदेशाची शपथ घेणारे, लष्करी सत्तांतर वैध ठरवणारे तेच. पण त्यांनी पोलाद कारखान्याची स्वस्तातली विक्री रद्द केली होती आणि गुप्तचरांनी उचललेल्या बेपत्ता माणसांचं काय झालं, असं विचारायला सुरुवात केली होती. मुशर्रफ यांनी त्यांना रावळपिंडीत बोलावलं. स्वतः वर्दीत, गुप्तचर संस्थांचे प्रमुख हजर. राजीनामा द्या म्हणाले. चौधरी ‘नाही’ म्हणाले. काही तास त्यांना बसवून ठेवलं आणि निलंबित केलं. चार दिवसांनी न्यायालयाकडे पायी निघालेल्या सरन्यायाधीशाला पोलीस केसाला धरून गाडीत कोंबताहेत, असं छायाचित्र छापून आलं. त्यानंतर काळे कोट घातलेले वकील रस्त्यावर उतरले. मे महिन्यात चौधरी इस्लामाबादहून लाहोरला मोटारीनं निघाले. चार-पाच तासांच्या त्या वाटेला चोवीस तासांहून जास्त लागले, कारण गावोगाव लोक फुलं घेऊन उभे होते. त्यानंतर आठवडाभरातच, 12 मे रोजी, चौधरींना कराचीत भाषण करू द्यायचं नाही म्हणून शहरभर गोळीबार झाला, चाळीसहून जास्त माणसं मेली. त्याच संध्याकाळी इस्लामाबादच्या सभेत मुशर्रफ मुठी उंचावून जनशक्तीचं कौतुक करत होते.

जुलैत न्यायालयानं चौधरींना परत खुर्चीवर बसवलं. 3 नोव्हेंबरला मुशर्रफ यांनी आणीबाणी लादली. वृत्तवाहिन्या बंद केल्या, त्यांनीच सुरू करू दिलेल्या. साठच्या आसपास न्यायाधीशांनी नवी शपथ नाकारली, चौधरींना बायकामुलांसह घरात कोंडलं. त्या रात्रीच्या भाषणात त्यांनी अब्राहम लिंकन यांचा दाखला दिला. त्याआधी महिनाभर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत वकिलांनी त्यांच्याविरुद्ध उभे केलेले उमेदवार होते वजिहुद्दीन अहमद, 2000 मध्ये शपथ नाकारून घरी गेलेल्या सहा न्यायमूर्तींपैकी एक. या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, ते माहीत असायला हवं.

28 नोव्हेंबरला मुशर्रफ यांनी डोळ्यांत पाणी आणून लष्करप्रमुखाची छडी अश्फाक कयानी यांच्या हाती दिली. डिसेंबरात बेनझीर मारल्या गेल्या, फेब्रुवारी 2008 मध्ये मुशर्रफ यांच्या पाठीशी असलेला पक्ष निवडणूक हरला आणि महाभियोग समोर दिसू लागल्यावर 18 ऑगस्ट 2008 रोजी त्यांनी राजीनामा दिला.

आणि फौजेचं काय झालं? तुम्हाला तीच प्रिय, म्हणून विचारतो. अधिकारी वीजमंडळात, विद्यापीठांत, सरकारी खात्यांत नेमले गेले. लोक बिलावरून, बदलीवरून, प्रवेशावरून चिडले की त्यांच्यावर चिडू लागले. ऑगस्ट 2007 मध्ये दक्षिण वझिरिस्तानात दोनशेहून जास्त जवान न लढता तालिबानी म्होरक्या बैतुल्ला मेहसूदच्या ताब्यात गेले. काही भागांत वर्दी घालून उघड हिंडू नका असं सैनिकांना सांगायची पाळी आली. कयानी यांनी आल्या आल्या जे केलं त्यात एक काम होतं: नागरी खात्यांत बसवलेले लष्करी अधिकारी परत बोलावणं. फौजेची अब्रू वाचवायला फौजेच्याच प्रमुखाला हे करावं लागलं.

मुशर्रफ यांची पुढची पंधरा वर्षं थोडक्यात. लंडन, दुबई. 2013 मध्ये निवडणूक लढवायला परत आले, अपात्र ठरले, अटक झाली, राजद्रोहाचा खटला उभा राहिला. 2016 मध्ये उपचारांसाठी दुबईला गेले ते गेलेच. डिसेंबर 2019 मध्ये विशेष न्यायालयानं फाशीची शिक्षा दिली. 5 फेब्रुवारी 2023 ला दुबईत निधन, कराचीत दफन. सिनेटमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करावी की नाही यावरून भांडण झालं. मधल्या काळात लाहोर उच्च न्यायालयानं ते विशेष न्यायालयच घटनाबाह्य ठरवलं होतं. 10 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा कायम केली, तेव्हा माणूस जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि शिक्षा कशाची? 3 नोव्हेंबर 2007 ची. 12 ऑक्टोबर 1999 ला निवडून आलेलं सरकार बंदुकीच्या जोरावर उलथलं, त्याचा खटला झालाच नाही, कारण त्याला न्यायालयानं आणि संसदेनं आधीच पावन करून घेतलं होतं.

‘आपली फौज तशी नाही,’ असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ती तशी का नाही? दोन्ही फौजा एकाच ब्रिटिश फौजेतून निघाल्या, एकाच अकादमीत शिकलेले अधिकारी दोन्हीकडे होते. आपल्याकडे सरसेनापतीच्या दिल्लीतल्या बंगल्यात, तीन मूर्ती भवनात, पंतप्रधान राहायला गेले. 1955 मध्ये सरसेनापती हे पदच मोडून तिन्ही दलांना तीन सारखे प्रमुख दिले गेले. आपले जनरल मुदत संपली की निवृत्त होतात. जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले, जनरल मनोज नरवणेही निवृत्त होऊन मोकळे झाले, आणि आपल्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. ही सवय पिढ्यान् पिढ्या जपली म्हणून आपली फौज आज इतकी विश्वासाची आहे. तुम्ही तीच सवय मोडायला सांगता आहात.

आपल्याकडे आणीबाणी आली होती, न्यायमूर्तीही झुकले होते, एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी वेगळा निकाल लिहिला आणि सरन्यायाधीशपद गमावलं. पण मार्च 1977 मध्ये मतदानाला गेलेल्या माणसांनी ते सरकार घरी पाठवलं. रांगेत उभं राहून, मत देऊन.

म्हणून माझा तुम्हाला एकच प्रश्न आहे. पाकिस्तानात चार सेनानी गादीवर बसले. अयुब खान गेले ते दुसऱ्या जनरलच्या हाती देश सोपवून. याह्या खान गेले ते अर्धा देश गमावल्यावर. झिया गेले ते बहावलपूरजवळ विमान कोसळून. मुशर्रफ गेले ते दीड वर्ष रस्ते पेटल्यावर. ‘दहा वर्षं’ म्हणताना तुम्ही मुदत ठरवता, पण दहा वर्षं पुरी झाल्यावर तो जनरल उठेल कसा आणि त्याला उठवणारा कोण, हे तुमच्या योजनेत मला कुठं दिसलेलं नाही. ते लिहून कळवा. मी वाचीन आणि उत्तरही देईन.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त शिक्षक